आधी जेव, मग रड

"ती नवी ऑपरेटर डबा उघडते, आत बघते आणि परत झाकण लावते. रोज."

"तुम्हाला काय दिसतं इथून, सिस्टर?"

"दिसायला कशाला पाहिजे, कंपाउंडर? झाकणाचा आवाज येतो दोनदा. मधे काहीच आवाज येत नाही."

हे बोलणं प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे चाललं होतं. अलीकडे, हेडफोन डोक्याला लावून, ती नवी ऑपरेटर बसली होती. म्हणजे मी. डबा नुकताच दुसऱ्यांदा बंद केला होता. माझा हात झाकणावरच राहिला.

पिंपरीच्या त्या कंपनीत टेलिफोनची खोली आणि दवाखाना ही पूर्वी एकच मोठी खोली होती. मधे पार्टिशन घालून दोन केल्या, पण प्लायवूड छतापर्यंत पोचलं नाही. त्यामुळे पलीकडचं सगळं मला ऐकू यायचं. ट्रेमध्ये टाकलेली कात्री, बोट कापून आलेल्या माणसाने दाताखाली धरलेला श्वास आणि या सगळ्यावर सिस्टरांचा आवाज. तुमच्यापैकी जे १९७०च्या सुमारास या पट्ट्यातल्या कारखान्यांत होते, त्यांनी अशी एखादी सिस्टर पाहिली असेल. त्यांना नाव होतं. पण सगळे सिस्टरच म्हणत आणि मीही इथे तेवढंच म्हणते.

पन्नाशी उलटलेल्या, बुटक्या, नगरकडच्या. मिशनच्या हॉस्पिटलात शिकलेल्या. पांढरी सुती साडी, बाहीत खोचलेला रुमाल आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. कासारवाडीहून त्या रोज चालत यायच्या आणि चालत जायच्या. साडीवर बूट बघून नवीन कामगार हसत. "हस," त्या म्हणत. "हसल्याने रक्त फिरतं. पण पट्टी बांधताना हलू नको."

कुणीही डोकं दुखतंय म्हणून आलं की त्यांचे प्रश्न ठरलेले. काय खाल्लंस? नीट झोपलास का? घरात कुणाशी धड बोललास का? पोरं शॉपमध्ये त्यांची नक्कल करायची. एकदा एक तरुण फिटर आला.

"सिस्टर, लई डोकं दुखतंय. सुट्टीची चिठ्ठी द्या."

"काय खाल्लंस सकाळी?"

"काही नाही."

"का?"

"बायकोने दिलं नाही."

"का?"

स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग, "मी काल तिच्या आईला बोललो."

"मग गोळी तुला देऊ का तिच्या आईला?" सिस्टर म्हणाल्या. "आधी कँटीनमध्ये जाऊन पोटात काहीतरी घाल. मग घरी जाताना सासूबाईंसाठी केळी घेऊन जा. उद्या डोकं दुखलं तर चिठ्ठी देते."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. कंपाउंडर म्हणाला, "सिस्टर, तुमच्यामुळे माझ्या गोळ्या खपत नाहीत. वरून विचारतील." कंपाउंडर मालवणकडचा होता. त्याचा एक गुडघा कायम सुजलेला असायचा आणि तो कायम कशाची ना कशाची तक्रार करत असायचा.

मी हे सगळं ऐकायचे आणि हसायचे नाही. मला सिस्टर आवडत नव्हत्या.

त्याचं कारण सांगायला हवं. माझे पप्पा त्याच कंपनीत स्टोअरकीपर होते. एका दुपारी ते रॅकपाशी कोसळले. चौघांनी उचलून त्यांना या दवाखान्यात आणलं आणि गाडी येईपर्यंत ते इथेच गेले. सिस्टर ड्यूटीवर होत्या. पुढे कंपनीने पप्पांच्या जागी मला घेतलं आणि मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली म्हणून टेलिफोनवर बसवलं. ते काम मला जमलं. टेलिफोनवर माणूस दिसत नाही. ठरलेली इंग्रजी वाक्यं बोलायची, दोन वायरी जोडायच्या आणि बाजूला व्हायचं. जन्मभर एवढंच बोलावं लागलं असतं तरी माझी तक्रार नव्हती. फक्त पार्टिशनच्या त्या बाजूला, माझ्या कोपरापासून हातभर अंतरावर, ती लोखंडी कॉट होती.

आता घरचं. पप्पा गेल्यावर आई पहिले काही दिवस सगळ्यांशी बोलत होती, चहा करत होती. लोक म्हणाले, धीराची आहे. मग लोक यायचे थांबले आणि ती हळूहळू उठेनाशी झाली. आधी स्वयंपाक सुटला, मग आंघोळ, मग वेणी. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी चहा ठेवून जायचे, संध्याकाळी तो तसाच, वर साय धरलेला. एकदा मी विचारलं, काय हवं? ती म्हणाली, "काही नको. तुझं लग्न झालं असतं म्हणजे मी मोकळी झाले असते."

तिने ते अगदी साध्या आवाजात म्हटलं.

त्या दिवसापासून मी कामावर निघताना रॉकेलचा डबा जिन्याखाली पोत्यामागे ठेवून जायचे. विळी ट्रंकेत. चाळीच्या तोंडाशी एका मुसलमान मेकॅनिकचं गॅरेज होतं आणि तिथे फोन होता. गॅरेजवाल्या चाचांना मी सांगून ठेवलं की आईला बीपी आहे, काही वाटलं तर कंपनीत फोन करा. बीपी नव्हतं. पण खरं सांगायचं कुणाला? चर्चमध्ये कळलं असतं तर सगळी मंडळी दारात आली असती. शाळेतल्या मैत्रिणी बँकेत लागल्या होत्या किंवा परदेशी चालल्या होत्या. मी कुणालाच काही सांगितलं नाही. आणि बाहेरच्या लाइनवर फोन आला, बोर्डावरची छोटी पितळी पट्टी खट्कन खाली पडली, की प्रत्येक वेळी मला वाटायचं, हा गॅरेजचा.

डब्याबद्दलचं ते बोलणं ऐकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सिस्टर जेवणाच्या सुट्टीत माझ्या खोलीत आल्या.

"इथे बसू का? तिकडे फिनाइलचा वास येतो."

फिनाइलचा वास तर माझ्या खोलीतही यायचा. त्यांनी स्टुलावर रुमाल पसरला. भाकरी, हुलग्याचं पिठलं आणि कांदा काढला आणि डोळे मिटले. "बापा, भाकरीबद्दल आभार. कंपाउंडरचा गुडघा विसरू नको. आमेन." पलीकडून कंपाउंडरही "आमेन" म्हणाला. तो हिंदू होता, पण गुडघा त्याचा होता.

समोर कुणी जेवत असताना आपण नुसतं बसणं बरं दिसत नाही. मी घास घेतला. घास घशातून उतरताना डोळ्यांत पाणी आलं, का ते कळलं नाही. सिस्टरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कांदा फोडत म्हणाल्या, "आधी जेव, मग रड. रिकाम्या पोटी रडलं की रडणं संपत नाही."

थोड्या वेळाने, जणू पिठल्याशी बोलल्यासारखं, "बायबलात प्रभूने त्या मेलेल्या मुलीला उठवलं, तेव्हा घरात केवढा गलबला असेल. आईबाप रडतायत, शिष्य बघतायत. आणि तो काय म्हणाला? हिला काहीतरी खायला द्या. मला फार आवडतं ते. आमच्या हॉस्पिटलच्या मेट्रनसारखं वाटतं."

त्या रोज यायला लागल्या. जेवण झालं की म्हणायच्या, "चल, एक फेरी." कुंपणाच्या कडेने, कडुलिंबांच्या सावलीतून, स्टोअर्स वगळून. स्टोअर्सच्या बाजूने त्या मला कधी घेऊन गेल्या नाहीत हे माझ्या बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं. वाटेत एखादा कामगार दिसला की त्याला विचारायच्या, मुलीचा ताप उतरला का, भावाला काम लागलं का. मी खाली बघून चालायचे. पण दुपारी बोर्डावर बसल्यावर मान कमी दुखायची, हे मला मनात नसतानाही मान्य करावं लागलं.

एका फेरीत त्यांनी विचारलं, "आई कशी आहे?"

"बरी आहे."

"बरी आहे हे मी दिवसभर ऐकते. बोट तुटलेला माणूससुद्धा बरा आहे म्हणतो." मग म्हणाल्या, "फोन आला की तू दचकतेस. टेलिफोनवालीने फोनला भ्यायचं म्हणजे कोळणीने माशाला भिण्यासारखं झालं. कुणाच्या फोनची वाट बघतेस?"

मी काही बोलणार नव्हते. पण चालताना समोर बघायचं असतं, माणसाच्या डोळ्यांत नाही, त्यामुळे असेल. मी म्हणाले, "मी निघताना रॉकेल लपवून ठेवते."

सिस्टर थांबल्या नाहीत. त्याच चालीने पुढे गेल्या. "बरं करतेस," म्हणाल्या. नंतर, "आज संध्याकाळी मी येते."

"नको. ती तुमच्याकडे बघणार नाही."

"का?"

"पप्पा..." मी म्हणाले.

"हं. मग मी पाठ करून बसेन."

मला वाटलं, बोलायची पद्धत. पण त्या खरंच तशा बसल्या. संध्याकाळी आल्या, बूट गॅलरीत काढले, आतल्या खोलीच्या उंबऱ्यात आईकडे पाठ करून फतकल मारली आणि मेथी निवडायला घेतली. आतमध्ये आई भिंतीकडे तोंड करून. दोघींच्या पाठी एकमेकींकडे. मी मधे स्टोव्हपाशी, कुणाकडे बघावं ते न कळून.

त्या रोज आल्या असं नाही, पण आठवड्यातून बऱ्याचदा आल्या. माझ्याशी बोलायच्या, पण आवाज असा की आत ऐकू जावं. कंपाउंडरचा गुडघा, कँटीनच्या सांबारात सापडलेलं बटण, गावच्या शाळेतल्या मास्तरीणबाई. आईबद्दल एक शब्द नाही. मला मात्र सूचना. सकाळी खिडकी उघड, ऊन आत येऊ दे. चहा ठेवून निघून जाऊ नको, बसून तू पण पी. रात्री लवकर दिवा घालव. आणि डॉक्टरांचं त्यांनीच काढलं. पुण्यात त्यांच्या ओळखीचे मनाचे डॉक्टर होते. मी घाबरले. लोक काय म्हणतील?

"लोक म्हणतील, बाई दवाखान्यात गेली. दवाखाने कशाला बांधलेत मग? गोळी देवाचीच आणि ऊन पण त्याचंच. दोन्ही घ्यावं."

डॉक्टरांकडे जाताना टॅक्सीत आई माझ्या आणि त्यांच्या मधे बसली होती. सिस्टर सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होत्या.

चर्चमध्ये कळायचं ते कळलंच. एका रविवारी दुपारी मंडळीतल्या बायका आल्या, पुढे एक काकू. गीतं झाली, मोठ्याने प्रार्थना झाली. काकूंचा हेतू वाईट नव्हता हे मला आज कळतं. पण त्या आईच्या उशाशी वाकून म्हणाल्या, "बाई, विश्वास कमी पडला की सैतान असा अंथरुणाला खिळवतो. उठा, आनंद करा. ख्रिस्ती माणसाने दुःखी राहणं ही लोकांपुढे चांगली साक्ष नाही."

आईने चादर तोंडावर ओढली.

सिस्टर नेहमीच्या जागी, उंबऱ्यात पाठ करून होत्या. त्या मेथी निवडतच म्हणाल्या, "काकू, बायबलातला तो संदेष्टा रानात झाडाखाली पडला होता, बापा आता मला मरू दे म्हणत होता, तेव्हा देवदूताने त्याला काय सांगितलं?"

"काय?"

"ऊठ आणि खा. भाजलेली भाकरी होती आणि पाण्याचा तांब्या. त्याने खाल्लं आणि परत झोपला. दूताने झोपू दिलं. परत उठवलं, परत खायला घातलं. अविश्वासी म्हणाला नाही. देव बोलला त्याच्याशी, पण कितीतरी नंतर." मेथीच्या काड्या त्यांनी बाजूला केल्या. "तुम्ही भाकरी आणलीय का काही?"

काकूंनी आणली नव्हती. पण ती बाई मोठ्या मनाची. दुसऱ्या दिवशी तिने मुलाबरोबर कुकरभर खिचडी पाठवली आणि वर निरोप, की प्रार्थना घरूनच करते आहे.

मग एका संध्याकाळी सिस्टरांना खोकल्याची उबळ आली. ती थांबली तेव्हा त्या मला म्हणाल्या, "आल्याचा काढा कर बघू. का तुमच्या कॉन्व्हेंटमध्ये नुसता केकच शिकवला?"

मी आलं ठेचलं, मिरी टाकली.

"मिरी जास्त टाकते ती," आतून आवाज आला.

मी वळले नाही. सिस्टरही वळल्या नाहीत, पण त्यांचे मेथीवरचे हात थांबले. आई स्वतःहून काही बोलली त्याला कितीतरी दिवस झाले होते.

"मग तुम्ही सांगा, किती टाकायची ते," सिस्टर भिंतीला म्हणाल्या. "ही माझा घसा जाळणार."

आई उठून आली. केस सुटलेले, साडी चुरगळलेली. माझ्या हातातलं पातेलं घेतलं आणि अर्धं पाणी ओतून टाकून ताजं घातलं.

इथे लगेच सगळं ठीक झालं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. दोन दिवस ती गॅलरीत उन्हात बसे, तिसऱ्या दिवशी परत भिंत. अशा दिवशी मला वाटायचं, पहिल्यापासून सुरू. सिस्टर म्हणायच्या, "विहिरीतून बादली काढताना दोर मधेच थांबवून हात बदलतो आपण. बादली खाली गेली असं होतं का?" आणि आईला त्यांनी एक काम लावून दिलं. दिवसाकाठी कुणासाठी तरी काहीतरी करायचं. लहानसं, पण दुसऱ्याचं. आई म्हणाली, मला माझंच होत नाही. "म्हणूनच," सिस्टर म्हणाल्या. "स्वतःकडे बघून बघून डोळे दुखतात माणसाचे."

गॅरेजवाल्या चाचांच्या सुनेचं बाळंतपण झालं होतं. आईने हळिवाचे लाडू पाठवले. चाचा मला रस्त्यात थांबवून म्हणाले, "बेटी, तेरी अम्मीने आमची सून बिघडवली. आता म्हणते, घरचं काही गोड लागत नाही." मी घरी येऊन हे सांगितलं. आईचं तोंड थोडं वाकडं झालं. हसू होतं ते. मी मात्र रॉकेल अजून लपवत होते.

आणि मग तो फोन आलाच. भर दुपारी पट्टी पडली, मी वायर लावली.

"बेटी, घाबरू नको," चाचा म्हणाले. असं कुणी म्हटलं की जे होतं तेच मला झालं. "अम्मी घरात नाही. दरवाजा उघडा आहे. बीवी लाडवाचा डबा द्यायला गेली, तर कोणीच नाही. आसपास बघितलं सगळीकडे."

मी कशी उठले ते आठवत नाही. सिस्टर दारात उभ्या होत्या. त्यांनी पार्टिशनपलीकडून ऐकलं असणार, की मी काहीच बोलत नाहीये.

"कंपाउंडर, बोर्डावर बसा."

"मला काय येतंय त्यातलं?"

"वायर लावा आणि हॅलो म्हणा."

त्या दुपारी कंपनीला आलेल्या प्रत्येक फोनला कंपाउंडरने "हॅलो, दवाखाना" म्हटलं, हे नंतर मॅनेजरसाहेबांनी मला ऐकवलं. तेव्हा मला फक्त सिस्टरांची मनगटावरची पकड कळत होती. चाळीपासून रेल्वेलाइन लांब नाही. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. सिस्टर धावत होत्या, त्या बुटांत, खोकत, साडी एका हाताने वर धरून. देवावर भरवसा ठेव वगैरे त्या काहीच बोलल्या नाहीत. वाटेत भेटेल त्याला विचारत होत्या. "एक बाई बघितली का? सावळी, उंच?"

फाटकावर म्हातारा गेटमन होता. "व्हय, गेली की एक बाई. हातात डबा व्हता. पल्याड गेली."

"रुळाच्या कडेने का सरळ?"

"ते न्हाई बघितलं बाई. गाडी यायची हाय, थांबा आता."

फाटक पडलं. लोणावळ्याकडून गाडी येत होती. मी आणि सिस्टर दांड्याला पोट लावून उभ्या. डबे संपत नव्हते. मी डोळे मिटले तर रूळ दिसायला लागले, उघडले तर चाकं. सिस्टरांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता आणि त्यांनी दांडा माझ्याइतकाच घट्ट धरला होता. त्या घाबरलेल्या आहेत हे कळलं आणि मला, कसं सांगू, एकटं वाटेनासं झालं.

फाटक उघडलं. आम्ही सरळ गेलो, कारण दुसरीकडे बघायची हिंमत नव्हती. कासारवाडीत सिस्टरांच्या खोलीपाशी आलो, तर पायरीवर आई बसली होती. पदर डोक्यावर, मांडीवर कडीचा डबा. पायात एक चप्पल तिची, एक माझी.

"कुठे गेला होतात?" आई सिस्टरांना म्हणाली. "दार बंद. काढा गार झाला."

तिच्या डोक्यात एवढंच होतं, की सिस्टरांचा खोकला जात नाही आणि आजचं काम हे. सिस्टर दिवसा कामावर असतात हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. पत्ता विचारत विचारत ती एवढी चालून आली होती. कितीतरी महिन्यांनी.

सिस्टर तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. धापा टाकत त्यांनी डबा उघडला आणि गार काढा तोंडाला लावून पिऊन टाकला. आता दोघींची तोंडं एकाच बाजूला होती, रस्त्याकडे.

डबा परत घेताना आईने विचारलं, "ते शेवटी काय म्हणाले?"

मला वाटलं, सिस्टर काहीतरी चांगलं सांगतील. प्रभूचं नाव घेतलं, तुमचं नाव घेतलं. सांगितलं असतं तर आईने मानलं असतं.

"काही नाही बोलले, बाई," सिस्टर म्हणाल्या. "वेळच नव्हता. मी हात धरला होता. त्यांनीही माझा धरला होता. मग त्यांचा सुटला. मी बराच वेळ सोडला नाही."

आईने मान हलवली. त्यानंतर ती रडली, पप्पा गेल्यावर पहिल्यांदा, रस्त्यावर, जाणाऱ्या येणाऱ्यांसमोर. मला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. सिस्टर उठून आत गेल्या, कुलूप उघडून भाकरी आणि गूळ घेऊन आल्या. त्या दिवशी त्यांनी आधी रडू दिलं.

पुढे बरेच महिने चांगले गेले. आई पूर्वीसारखी झाली असं मी म्हणणार नाही, पण ती उठायची. सकाळी उन्हात वेणी घालायची, संध्याकाळी फाटकापर्यंत चालून यायची, रविवारी माझ्याबरोबर उपासनेला यायची आणि काकूंच्या शेजारी बसायची. गोळ्या कमी झाल्या. मी रॉकेल जिन्याखाली ठेवायचं कधी बंद केलं ते नेमकं आठवत नाही. भीती मात्र पूर्ण गेली नाही. ती माझ्या स्वभावातच बसली होती. मी आईला वाईट बातम्या सांगायचे नाही. पेपरातलं पान दुमडून ठेवायचे.

सिस्टर एक दिवस कामावर आल्या नाहीत. कंपाउंडर म्हणाला, खोकला वाढला असेल. थोड्या वेळाने पट्टी पडली. कासारवाडीहून, सिस्टरांच्या शेजाऱ्यांचा फोन. दूधवाल्याने दार वाजवलं, उघडलं नाही. डॉक्टर येऊन गेले. झोपेतच, पहाटे केव्हातरी.

मी "प्लीज होल्ड द लाइन" म्हणाले आणि मॅनेजरसाहेबांना जोडून दिलं. आवाज नेहमीसारखा आला. मग हेडफोन काढला. पार्टिशनपलीकडे कंपाउंडर कात्र्या धूत होता. त्याला मी दारात उभं राहून सांगितलं. तो म्हणाला, "असं कसं," आणि नळ चालूच राहिला.

नगरहून त्यांचा भाऊ दुपारनंतर पोचणार होता आणि संध्याकाळी माती द्यायची होती. पाळकसाहेबांनी कंपनीत फोन केला. आमच्यात बाईला शेवटची आंघोळ घालायची, साडी नेसवायची, ती मंडळीतल्या बायकांनी. पण काकू आणि महिला मंडळाच्या सगळ्या बायका शिबिराला लोणावळ्याला गेल्या होत्या, संध्याकाळशिवाय परतणार नव्हत्या. "बेटा, कुणी मिळेल का बघ," पाळकसाहेब म्हणाले. मी "हो" म्हणाले.

मी घराकडे निघाले. सारा रस्ता मी वाक्यं जुळवत होते. सिस्टर गावी गेल्यात, भावाकडे, बरेच दिवस येणार नाहीत. हे मला जमलं असतं. एकदा ज्या माणसाने तिला अंथरुणातून उठवलं तेच माणूस गेलं असं कळलं तर ती परत त्या भिंतीकडे वळेल आणि या वेळी उंबऱ्यात बसायला कुणी नसेल. मी एकटीच जाईन, एकटीच करेन आणि घरी येऊन चहा ठेवेन. मी नेहमी तसंच केलं होतं.

आई गॅलरीत उन्हात बसून तांदूळ निवडत होती. सूप बाजूला करून तिने माझ्यासाठी जागा केली.

"आज लवकर?" ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून, "काय झालं?"

काही नाही, असं माझ्या ओठांवर आलं होतं. खाली गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं. तो आवाज थांबेपर्यंत मी थांबले.

"आई, सिस्टर गेल्या," मी म्हणाले. "पहाटे, झोपेत. त्यांना आंघोळ घालायला कुणी नाही. मला भीती वाटते, मला एकटीला जमणार नाही. तू चल माझ्याबरोबर."